प्रसिद्धिपत्रक

प्रसिद्धिपत्रक म्हणजे एखादी संस्था, उद्योग, शासकीय कार्यालय किंवा व्यक्ती यांनी आपल्यासंबंधीची नवी माहिती प्रसिद्धीसाठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या, आकाशवाणी व अन्य माध्यमांकडे पाठविलेले लेखी निवेदन होय. जनसंपर्काच्या क्षेत्रातील ते एक जुने आणि आजही सर्वत्र वापरले जाणारे साधन आहे. जाहिरातीसाठी जागेचे मूल्य द्यावे लागते, तसे प्रसिद्धिपत्रकासाठी द्यावे लागत नाही. त्यामुळे ते छापावे की छापू नये, किती छापावे आणि कोणत्या शब्दांत छापावे हे ठरविण्याचा अधिकार संपादकाकडे राहतो. तो निर्णय अनुकूल व्हावा यासाठी पाठविणाऱ्याजवळ दोनच गोष्टी असतात : वाचकाच्या उपयोगाची माहिती आणि ती खरी असल्याचा विश्वास. यांपैकी दुसरी गोष्ट एकदा गमावली की पुढील पत्रके कितीही चांगली लिहिली तरी त्यांचा उपयोग होत नाही. प्रसिद्धिपत्रकाच्या लेखनाचे बहुतेक सर्व नियम या एका वस्तुस्थितीतून निर्माण झाले आहेत.

नाव आणि व्याप्ती

मराठीत ‘प्रसिद्धिपत्रक’ हा शब्द रूढ असला तरी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ‘प्रेस नोट’ किंवा नुसते ‘पत्रक’ असेही म्हटले जाते. ‘प्रसिद्धी’ हा शब्द एकटा लिहिताना दीर्घान्त असला तरी समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘प्रसिद्धिपत्रक’ हे रूप शुद्ध मानले जाते.

उद्देशानुसार प्रसिद्धिपत्रकाचे काही प्रकार होतात. नव्या उत्पादनाची, नियुक्तीची, पुरस्काराची किंवा कार्यक्रमाची माहिती देणारे ते सर्वसाधारण पत्रक. प्रसिद्ध झालेल्या बातमीतील चूक दाखविणारा किंवा आपली बाजू मांडणारा तो खुलासा. पत्रकारांना एखाद्या ठिकाणी बोलाविणारे ते पत्रकार परिषदेचे निमंत्रण. सभा, शिबिरे, स्पर्धा यांची तारीख, वेळ व स्थळ कळविणारे ते कार्यक्रमपत्रक. ‘शहरात आज’ यांसारख्या सदरांतील मजकूर मुख्यतः अशा पत्रकांतून येतो.

जाहिरात, बातमी आणि प्रसिद्धिपत्रक

या तिहींतील भेद स्पष्ट नसल्यामुळे नवउद्योजकांचा अनेकदा गैरसमज होतो. जाहिरातीत मजकूर, आकार, पान आणि दिवस हे सर्व जाहिरातदार ठरवितो व त्याचे मूल्य देतो. बातमीत हे सर्व संपादकीय विभाग ठरवितो. प्रसिद्धिपत्रक हे बातमीसाठी दिलेले साहित्य असते. ते पाठविणाऱ्याने लिहिलेले असले तरी छापून आल्यावर त्याची जबाबदारी वृत्तपत्राने घेतलेली असते, आणि म्हणूनच वाचक त्यावर जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. हा विश्वास वृत्तपत्राने वाचकाकडून मिळविलेला असतो. पत्रक पाठविणारा तो थोड्या वेळापुरता उसना घेत असतो, असे म्हणता येईल.

यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. एक, पत्रक छापून येईल याची हमी कोणतीही प्रामाणिक जनसंपर्क संस्था देऊ शकत नाही. दोन, ‘आम्ही तुम्हांला जाहिराती देतो, तेव्हा आमचे पत्रक छापा’ असे म्हणणे म्हणजे पत्रकाला जाहिरातीच्या रांगेत नेऊन बसविणे होय.

इतिहास

अमेरिकेतील आरंभ

आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ सामान्यतः आयव्ही लेडबेटर ली या अमेरिकन जनसंपर्कतज्ज्ञापासून मानला जातो. ली हा मूळचा पत्रकार होता. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी एक आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघाताची माहिती शक्य तितकी दडपून ठेवावी अशी त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडसाठी काम करणाऱ्या लीने मात्र कंपनीच्या वतीने घटनेचे निवेदन तयार करून वृत्तपत्रांना दिले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. हेच पहिले आधुनिक प्रसिद्धिपत्रक होय, असे जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते.

त्याच वर्षी लीने वृत्तपत्रांना उद्देशून आपल्या कामाची तत्त्वे जाहीर केली. आपले काम उघडपणे चालते. आपण जाहिरातसंस्था नाही. दिलेला मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे संपादकांना वाटल्यास त्यांनी तो वापरू नये. आणि दिलेल्या कोणत्याही माहितीची शहानिशा करण्यास आपण साहाय्य करू, असा त्यांचा आशय होता.

लीच्याच पुढील आयुष्यात या तत्त्वांची कसोटी लागली. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपावर असलेल्या खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर हल्ला झाला. त्यात २ स्त्रिया व ११ मुले एका तंबूखालील खड्ड्यात गुदमरून मरण पावली. खाणकंपनीमागील रॉकफेलर कुटुंबाने लीची मदत घेतली. त्याने काढलेल्या पत्रकांतील काही माहिती, विशेषतः कामगारनेत्यांच्या वेतनाचे आकडे, चुकीची ठरली. सरकारी आयोगापुढील साक्षीत, कंपनीने पुरविलेली माहिती आपण स्वतः तपासली नव्हती, हे लीला मान्य करावे लागले. शहानिशेला मदत करण्याचे वचन देणाऱ्याने स्वतःच शहानिशा केली नाही, हा या प्रकरणाचा धडा जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविला जातो.

पुढे पत्रके एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना पोहोचविणाऱ्या वितरणसंस्था निघाल्या. अमेरिकेत ‘पीआर न्यूजवायर’ १९५४ मध्ये, तर ‘बिझनेस वायर’ १९६१ मध्ये सुरू झाली. टपाल, तारयंत्र, फॅक्स, ई-मेल आणि मोबाइलवरील संदेश अशी वाहने बदलत गेली. पत्रकाची मूळ रचना मात्र फारशी बदलली नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात शासकीय माहिती वृत्तपत्रांना पुरविणारा विभाग जून १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या गृहखात्याखाली सिमला येथे सुरू झाला. अलाहाबाद विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक रशब्रुक विल्यम्स हे त्याचे पहिले प्रमुख होते. त्यातूनच पुढे ‘पत्र सूचना कार्यालय’ अर्थात पीआयबी ही संस्था विकसित झाली. केंद्र शासनाची पत्रके ती आज मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रसिद्ध करते.

महाराष्ट्र शासनाचे हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय करते. ‘लोकराज्य’ हे मासिक याच महासंचालनालयाचे प्रकाशन आहे. जिल्हा पातळीवर जिल्हा माहिती कार्यालये शासकीय योजना, बैठका, इशारे आणि खुलासे यांची पत्रके स्थानिक वृत्तपत्रांना पाठवितात. पूर, अतिवृष्टी किंवा साथ अशा प्रसंगी जिल्ह्यातील वृत्तपत्रांना अधिकृत माहिती मिळण्याचा हा एक प्रमुख मार्ग असतो.

जनसंपर्काच्या व्यवसायात असलेल्यांची ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो.

रचना

प्रसिद्धिपत्रकाची रचना बातमीच्या रचनेवरून घेतलेली आहे. तिला पत्रकारितेत ‘उलटा मनोरा’ किंवा ‘उलटा पिरॅमिड’ म्हणतात. सर्वांत महत्त्वाची माहिती आरंभी, तिच्या खालोखाल महत्त्वाची त्यानंतर आणि पूरक तपशील शेवटी अशी ही मांडणी असते. जागा कमी पडल्यास उपसंपादक मजकूर शेवटाकडून कापत येतो. आरंभीचा परिच्छेद शिल्लक राहिला तरी बातमी पूर्ण वाटावी, हा या मांडणीमागील हेतू आहे.

पत्रकाचे घटक साधारणतः पुढीलप्रमाणे असतात :

१. संस्थेचे नाव, पत्ता आणि दिनांक. दिनांक नसलेले पत्रक नवे की जुने हे कळत नाही, म्हणून ते बाजूला पडते.

२. ‘प्रसिद्धीसाठी’ असा स्पष्ट उल्लेख.

३. मथळा. तो आठ-दहा शब्दांचा असावा व त्यात घडलेली किंवा घडणारी गोष्ट यावी.

४. गावाचे नाव घालून सुरू होणारा पहिला परिच्छेद. कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे या प्रश्नांपैकी शक्य तितक्यांची उत्तरे त्यात यावीत. मराठी पत्रकारितेत यांना ‘सहा ककार’ म्हणतात.

५. तपशिलाचे दोन-तीन परिच्छेद. आकडे, मुदती, किमती, पात्रतेच्या अटी येथे येतात.

६. जबाबदार व्यक्तीचे निवेदन, तिच्या पूर्ण नावासह व पदासह. जे वाक्य त्या व्यक्तीने पाहिलेले वा मान्य केलेले नाही, ते तिच्या तोंडी घालू नये.

७. संस्थेचा तीन-चार ओळींचा परिचय.

८. अधिक माहितीसाठी संपर्क. येथे दिलेला दूरध्वनी त्या दिवशी उचलला जाईल याची खात्री असावी. उपसंपादकाची शंका बहुधा सायंकाळी, पान लावण्याच्या वेळी निघते. त्या वेळी उत्तर मिळाले नाही तर बातमी मागे पडते.

संपूर्ण मजकूर शक्यतो एका पानात मावावा. तीनशे ते चारशे शब्द ही सर्वसाधारण मर्यादा समजली जाते.

भाषा

पत्रकाची भाषा तृतीयपुरुषी, साधी आणि विशेषणांच्या बाबतीत काटकसरीची असावी. ‘अग्रगण्य’, ‘सुप्रसिद्ध’, ‘अभूतपूर्व’, ‘एकमेवाद्वितीय’ यांसारखी विशेषणे उपसंपादक सर्वप्रथम काढतो. त्यांच्या जागी पुरावा द्यावा. ‘दर्जेदार सेवा’ याऐवजी दुरुस्तीला किती दिवस लागतात ते सांगावे; ‘भरघोस प्रतिसाद’ याऐवजी किती जणांनी नाव नोंदविले ते लिहावे. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ असे दावे तपासून सिद्ध करता येत असतील तरच करावेत.

मराठी पत्रकांत व्यक्तींच्या नावांमागे उपाधींची माळ लावण्याची प्रथा आहे. मान्यवरांच्या नावांची यादीही पुष्कळदा बातमीहून लांब होते. व्यासपीठावर कोण बसले होते यापेक्षा तेथे काय ठरले याला बातमीत अधिक महत्त्व असते, हे लक्षात ठेवून यादी शेवटच्या परिच्छेदात ठेवावी.

विशेषनामांचे लेखन, पदे, तारखा व वार यांची तपासणी दोन व्यक्तींनी करावी. तारीख आणि वार यांचा मेळ न बसणे ही कार्यक्रमपत्रकांत वारंवार आढळणारी चूक आहे. ती तशीच छापली गेल्यास लोक चुकीच्या दिवशी येऊन परत जातात.

मराठी पत्रकांच्या बाबतीत अक्षरसंचाचा प्रश्नही असतो. जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, थेट उचलता येईल अशा स्वरूपात पाठवावा. पत्रकाचे केवळ छायाचित्र पाठविल्यास ते कोणाला तरी पुन्हा टंकावे लागते, आणि घाईच्या वेळी ते होत नाही.

उदाहरण

समजा, कोकणातील एका गावात काजूप्रक्रिया करणारा महिला बचतगट आहे व त्याने बागायतदारांकडून काजू बी थेट विकत घेण्याचे ठरविले आहे. अशा वेळी सवयीने लिहिले जाणारे पहिले वाक्य पुढीलप्रमाणे असते :

“जिल्ह्यातील अग्रगण्य व ग्राहकांच्या विश्वासास पात्र ठरलेल्या आमच्या गटाने आपल्या यशस्वी वाटचालीत शिरपेचात आणखी एक मानाचा तुरा खोवला असून सर्व स्तरांतून अभिनंदनाचा वर्षाव होत आहे.”

या वाक्यात सहा ककारांपैकी एकाचेही नीट उत्तर नाही. तीच माहिती बातमीच्या पद्धतीने पुढीलप्रमाणे लिहिता येते :

“तालुक्यातील काजू बागायतदारांकडून येत्या १ मार्चपासून काजू बी थेट विकत घेण्याचा निर्णय येथील महिला बचतगटाने घेतला आहे. वजन बागायतदारासमोर केले जाईल आणि रक्कम आठ दिवसांच्या आत त्याच्या बँक खात्यात जमा होईल. खरेदी दर सोमवारी व गुरुवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत गटाच्या प्रक्रिया केंद्रावर होईल.”

दुसऱ्या मजकुरात गटाची स्तुती करणारा एकही शब्द नाही. परंतु ज्याच्या बागेत काजू आहे असा वाचक ती बातमी कापून ठेवील. त्याचबरोबर या मजकुराने गटावर एक बंधनही येते. आठ दिवसांत रक्कम जमा झाली नाही, तर छापून आलेले वाक्य गटाविरुद्धचा पुरावा ठरते. म्हणून पत्रक लिहिण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वचन पाळणे शक्य आहे का, हे ते काम प्रत्यक्ष करणाऱ्याला विचारून घ्यावे लागते.

पाठविण्याची पद्धत

सर्वच माध्यमांना एकच पत्रक पाठविण्यापेक्षा ज्याचा विषय आहे त्याच वार्ताहराला ते पाठविणे अधिक फलदायी असते. शेती, शिक्षण, आरोग्य, उद्योग, गुन्हे, संस्कृती अशी कामाची वाटणी मोठ्या वृत्तपत्रांत असते. तालुक्याच्या ठिकाणी हे सर्व विषय बहुधा एकच वार्ताहर सांभाळतो. त्याच्याशी ओळख पत्रकाच्या निमित्ताने होण्यापूर्वीच झालेली असावी.

दैनिकासाठी पत्रक दुपारपूर्वी पोहोचणे सोयीचे असते. साप्ताहिके व पुरवण्या यांची पाने कित्येक दिवस आधी तयार होतात. दिवाळी अंकांची तयारी तर काही महिने आधी सुरू होते. कार्यक्रमाची पूर्वसूचना निदान आठवडाभर आधी द्यावी आणि कार्यक्रमानंतरचे वृत्त त्याच दिवशी पाठवावे.

माहिती आधी देऊन ती ठरावीक वेळेनंतरच प्रसिद्ध करावी अशी विनंती करण्याच्या पद्धतीला ‘एम्बार्गो’ म्हणतात. अशा पत्रकावर ‘अमुक दिनांकास अमुक वाजण्यापूर्वी प्रसिद्ध करू नये’ असे आरंभीच लिहिलेले असते. ही व्यवस्था परस्परविश्वासावर चालते. म्हणून ती विनाकारण वापरू नये.

छायाचित्र जोडताना त्यातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने द्यावीत. छायाचित्र कोणी घेतले ते लिहावे आणि ते छापण्याची अनुमती असल्याची खात्री करावी. लहान मुले, रुग्ण किंवा मदत घेणाऱ्या व्यक्ती यांची छायाचित्रे त्यांच्या अथवा पालकांच्या संमतीशिवाय देऊ नयेत.

पत्रक पाठविल्यानंतर ते पोहोचले का, एवढे एकदा विचारणे शिष्टाचारास धरून आहे. ‘का छापले नाही’ असा जाब विचारणे नाही. बातमीत चूक असल्यास प्रथम संबंधित वार्ताहराला, नंतर संपादकाला शांतपणे व लेखी कळवावे.

संकटकाळातील निवेदन

अपघात, सदोष उत्पादन किंवा गैरव्यवहाराचा आरोप अशा प्रसंगी प्रसिद्धिपत्रकाचे खरे मोल कळते. अशा वेळी पहिल्या निवेदनात काय घडले, कोणाला इजा झाली, लोकांनी तत्काळ काय करावे आणि संस्था काय करीत आहे एवढे यावे. जे ठाऊक नाही त्याविषयी अंदाज करू नये. ते केव्हा कळविले जाईल हे सांगावे. बाधितांविषयीची सहानुभूती संस्थेच्या बचावाआधी यावी.

या संदर्भात सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या टायलेनॉल या औषधाचे आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेतील शिकागो परिसरात, कोणी तरी सायनाइड मिसळलेल्या या औषधाच्या कॅप्सूल घेतल्याने ७ जण मरण पावले. कंपनीने लोकांना औषध न घेण्याचे आवाहन केले, देशभरातील सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या आणि काही आठवड्यांत छेडछाड झाल्यास कळून येईल अशा तिहेरी बंद वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणले. त्या निवेदनांवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण शब्दांच्या पाठोपाठ कृती दिसली.

भारतातील एक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्क या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. दुकानांतील अयोग्य साठवणुकीमुळे असे घडले असावे, अशी कंपनीची आरंभीची भूमिका होती. प्रशासनाने वेष्टनाविषयी प्रश्न उपस्थित केला आणि वाद वाढला. त्यानंतर कंपनीने विक्रेत्यांसाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ हा उपक्रम हाती घेतला, जानेवारी २००४ मध्ये अधिक घट्ट बंद होणारे नवे वेष्टन आणले आणि अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती दाखविल्या. दोष दुसऱ्याकडे दाखविणाऱ्या निवेदनाने न झालेले काम नव्या वेष्टनानंतर होऊ लागले.

२०१५ मधील मॅगी नूडल्सच्या प्रकरणात कंपनीने आरंभी उत्पादन सुरक्षित असल्याचे सांगण्यावर भर दिला. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उत्पादन मागे घेण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट रोजी तो रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरमध्ये उत्पादन पुन्हा बाजारात आले. कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू टिकली, तरी मधल्या काळात ग्राहकांच्या मनातील शंकांना वेळीच व सोप्या भाषेत उत्तरे मिळाली नाहीत, अशी टीका झाली. न्यायालयात मांडावयाचा युक्तिवाद आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईला द्यावयाचे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदेशीर मर्यादा

प्रसिद्धिपत्रकातील विधानांना अनेक कायदे लागू होऊ शकतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीची व्याख्या व्यापक असून तीत सूचना, परिपत्रके, वेष्टने यांचाही समावेश होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये काही विशिष्ट रोग बरे करण्याचे दावे करण्यास मनाई आहे. औषधे, तेले, काढे यांच्या उत्पादकांनी हा कायदा विशेष लक्षात घ्यावा लागतो.

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपन्यांना सेबीचे २०१५ चे नियम लागू होतात. भावावर परिणाम करू शकणारी महत्त्वाची माहिती प्रथम शेअर बाजाराला कळवावी लागते. ती आधी एखाद्या मर्जीतील पत्रकाराला देता येत नाही. अब्रुनुकसानी आणि स्वामित्वहक्क यांविषयीचे कायदेही पत्रक लिहिणाऱ्याला माहीत असावे लागतात.

गैरवापर आणि टीका

प्रसिद्धिपत्रकावरील विश्वासाचा गैरफायदा घेतला गेल्याची उदाहरणे आहेत. २५ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेतील एम्युलेक्स या कंपनीच्या नावे एक बनावट पत्रक एका वितरणसंस्थेमार्फत प्रसृत झाले. कंपनीच्या प्रमुखाने राजीनामा दिल्याचे व नफ्याचे आकडे बदलल्याचे त्यात म्हटले होते. वृत्तसंस्थांनी ते न तपासता पुढे पाठविले आणि कंपनीच्या शेअरचा भाव काही वेळातच सुमारे ६० टक्क्यांनी कोसळला. हे पत्रक त्या वितरणसंस्थेच्याच एका माजी कर्मचाऱ्याने तयार केले होते, असे तपासात निष्पन्न झाले.

दुसरी टीका वृत्तपत्रांवर आहे. मनुष्यबळ कमी आणि पाने अधिक अशा स्थितीत पत्रके थोडाफार बदल करून, चौकशीशिवाय छापली जातात. ब्रिटिश पत्रकार निक डेव्हिस यांनी ‘फ्लॅट अर्थ न्यूज’ या २००८ मधील पुस्तकात या प्रवृत्तीवर प्रकाश टाकला. त्यांच्यासाठी कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या पाहणीत ब्रिटनमधील प्रमुख दैनिकांतील सुमारे ६० टक्के बातम्या पूर्णतः वा मुख्यतः वृत्तसंस्थांच्या अथवा प्रसिद्धिसाहित्याच्या आधारे तयार झाल्याचे आढळले.

भारतात या प्रश्नाने ‘पेड न्यूज’चे रूप घेतले. पैसे घेऊन, जाहिरात असल्याचे न सांगता, बातमीच्या रूपात मजकूर छापणे म्हणजे पेड न्यूज. २००९ मधील लोकसभेच्या व महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकांत असे प्रकार झाल्याचे पत्रकारांनी उघडकीस आणले आणि भारतीय प्रेस परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल स्वीकारला. प्रसिद्धिपत्रक उघडपणे पाठविलेले असते आणि ते नाकारण्यास संपादक मोकळा असतो; पेड न्यूजमध्ये हे दोन्ही गुण नष्ट होतात. विकत घेतलेला मजकूर बातमी म्हणून वाचणाऱ्या वाचकाची फसवणूक होतेच, शिवाय प्रामाणिकपणे पत्रक पाठविणाऱ्या लहान संस्थेची जागाही हिरावली जाते. समाजमाध्यमांवरील प्रभावकांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिल्याने, मोबदला घेऊन केलेला मजकूर तसा स्पष्टपणे दर्शवावा अशा मार्गदर्शक सूचना भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये जारी केल्या.

परिणामाचे मोजमाप

छापून आलेल्या बातमीची लांबी-रुंदी मोजून तेवढ्या जागेच्या जाहिरातीला किती खर्च आला असता, असा हिशेब करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. २०१० मध्ये बार्सिलोना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जनसंपर्काच्या मोजमापाविषयी काही तत्त्वे मान्य करण्यात आली. जाहिरातीचे मूल्य हे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कात्रणांच्या वहीपेक्षा बातमी वाचून किती जणांनी चौकशी केली, किती जण कार्यक्रमाला आले, तक्रारी घटल्या का आणि पुढच्या वेळी वार्ताहराने आपण होऊन संपर्क साधला का, ही परिणामाची अधिक विश्वसनीय गमके होत.

व्यवसाय आणि प्रशिक्षण

प्रसिद्धिपत्रकाचे लेखन हे जनसंपर्क अधिकाऱ्याचे पायाभूत कौशल्य समजले जाते. उद्योगसमूह, बँका, रुग्णालये, विद्यापीठे, महानगरपालिका, स्वयंसेवी संस्था, नाट्य व चित्रपटसंस्था आणि खासगी जनसंपर्क संस्था येथे या कामाच्या संधी असतात. पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांत जनसंपर्काचा समावेश असतो. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूट या नावाने परिचित असलेला विभाग, मुंबईतील झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आणि भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती येथील केंद्र ही पत्रकारिता व संज्ञापन यांच्या शिक्षणाची काही ठिकाणे आहेत.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने काही काळ वृत्तपत्रात काम करणे उपयुक्त ठरते. दररोज येणाऱ्या पत्रकांच्या ढिगातून उपसंपादक काय ठेवतो आणि काय टाकतो हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. एकाच घटनेचे मूळ पत्रक आणि दुसऱ्या दिवशीच्या तीन-चार वृत्तपत्रांतील बातम्या शेजारी ठेवून काय गळले व काय राहिले हे तपासणे, हाही चांगला अभ्यास आहे. मराठीबरोबर इंग्रजी व हिंदी लिहिता येणे, आकडे वाचता येणे आणि वरिष्ठांना ‘हे विधान आपण सिद्ध करू शकणार नाही’ असे पत्रक पाठविण्यापूर्वी सांगता येणे, ही या व्यवसायाची आवश्यक कौशल्ये आहेत. यांतील शेवटचे कौशल्य सर्वांत अवघड असून लडलोच्या प्रकरणात नेमके तेच उणे पडले होते.

हेही पाहा

जनसंपर्क
जाहिरात
पत्रकार परिषद
पत्रकारिता
पेड न्यूज
वृत्तसंस्था